लठ्ठ कण्हेर : अदनहून भिवंडीला, वळसा घालून

2005च्या पुरानंतरच्या वर्षी कल्याण रस्त्यालगतच्या एका रोपवाटिकेतून मी माझं पहिलं अडेनियम घरी आणलं. मातीच्या वर अर्धवट उघडा पडलेला, सुरणाच्या गड्ड्यासारखा बुंधा, त्यातून निघालेल्या चार आखूड फांद्या आणि टोकाला गडद लाल फुलं. कुंडीवर कागद चिकटवलेला होता आणि त्यावर शाईनं 'थाई' एवढंच लिहिलेलं होतं. तेव्हा मी एका सायझिंगमध्ये मेहता होतो. सायझिंग म्हणजे मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला जिथं खळ देतात तो कारखाना. कुंडी घेऊन घराचा जिना चढत होतो, तर दुसऱ्या मजल्यावरचे चाचा दारात उभे होते. कोकणी मुसलमान घर त्यांचं. उमेदीची वर्षं ओमानमध्ये, सलालाला, एका ठेकेदाराकडे काढून नुकतेच परत आले होते. त्यांनी कुंडीकडे पाहिलं आणि विचारलं, "हा कुठून आणला?"

मी म्हटलं, "थायलंडचं आहे."

"थायलंडचं कुठलं? सलालाच्या डोंगरावर रानात उगवतं हे. मोठमोठं. फूल मात्र गुलाबी असतं. बकरीसुद्धा तोंड लावत नाही त्याला."

चाचांचं आणि त्या कागदाचं जुळेना. दोघांतलं खरं कोण, हे शोधायला मी सुरुवात केली आणि ते काम पुढं बरीच वर्षं पुरलं. माझं शिक्षण कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षात थांबलेलं. वनस्पतिशास्त्राशी संबंध शाळेतल्या जास्वंदीच्या उभ्या छेदापुरता. पण भिवंडीत माग शुक्रवारी बंद असतात आणि मुंबईतली ग्रंथालयं शुक्रवारी उघडी असतात. ह्या एका सोयीवर माझं सगळं वाचन उभं आहे.

चाचांचं बरोबर होतं, हे लवकरच कळलं. हे झाड अरबस्तानाच्या दक्षिण कडेचं आणि आफ्रिकेचं. येमेन, ओमानचा दोफार प्रांत, सोमालिया आणि तिथून सहाराच्या दक्षिण काठानं थेट सेनेगलपर्यंत ते किंवा त्याची भावंडं रानटी वाढतात. इंग्रजीत त्याला 'डेझर्ट रोझ' म्हणतात, पण गुलाबाशी त्याचं काही नातं नाही. कुळ आपल्या कण्हेरीचं. सदाफुली, तगर, चाफा, सातवीण ही सगळी त्याच गोतावळ्यातली. कण्हेरीसारखंच हे अंगोपांगी विषारी. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारं विष त्याच्या चिकात असतं आणि आफ्रिकेत शिकारी ते बाणाच्या टोकाला लावत आले आहेत. बकरी तोंड लावत नाही ती उगाच नव्हे.

शास्त्राच्या वहीत ह्या झाडाची पहिली नोंद ज्यानं केली, त्यालाही आधी कण्हेरच आठवली. पेटर फोर्स्कोल त्याचं नाव. 1732 साली हेलसिंकीत जन्मलेला, उप्सालाला लिनियसच्या हाताखाली शिकलेला. माणूस हट्टी आणि तोंडानं फटकळ. 1759 साली त्यानं नागरी स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका छापली. मुद्रणस्वातंत्र्य हवं, सरकारी कारभार लोकांना कळायला हवा, असं तीत म्हटलं होतं. सरकारनं ती जप्त करायचा हुकूम काढला आणि प्रती गोळा करायचं काम आलं त्या वेळी विद्यापीठाचा रेक्टर असलेल्या लिनियसवरच. सुमारे 500 प्रतींपैकी 79 हाती लागल्या. पुढं लिनियसनं नेटलच्या कुळातल्या एका चिकट, अंगाला धरून राहणाऱ्या झुडपाला ह्या शिष्याचं नाव दिलं. गुरूनं शिष्याचा स्वभाव असा नोंदवून ठेवला, असं म्हणतात.

डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात अभ्यासाला एक मोहीम पाठवायचं ठरवलं, तीत फोर्स्कोलची निवड झाली. एकूण सहाजण. भाषेचा पंडित फॉन हाव्हेन, वैद्य क्रामर, चित्रकार बाउरेनफाइंट, मोजणीदार नीबूर, नोकर बेर्गग्रेन आणि वनस्पतींसाठी फोर्स्कोल. जानेवारी 1761मध्ये ते कोपनहेगनहून निघाले. इजिप्तमार्गे येमेनला पोचेपर्यंत 1762चं वर्ष संपत आलं. फोर्स्कोल साध्या अरबी पोशाखात, गाढवावर बसून कॉफीच्या डोंगरांत फिरला. त्याची एक सवय मला फार महत्त्वाची वाटते. झाड पाहिलं की लॅटिन नाव देण्याआधी तो तिथल्या माणसांना त्याचं नाव विचारायचा आणि ते लिहून घ्यायचा. त्याच्या पुस्तकात अरबी नावं ठायी ठायी आहेत. ह्या फुगीर बुंध्याच्या झाडाचं तिथलं नाव त्यानं जे टिपलं, ते 'अदन', 'ओदेन' ह्या उच्चारांच्या जवळचं आहे. स्वतः त्याला नाव दिलं 'नेरियम ओबेसम'. नेरियम म्हणजे कण्हेर आणि ओबेसम म्हणजे लठ्ठ. लठ्ठ कण्हेर. माझ्या आजीनं पाहिलं असतं तर तिनंही दुसरं काही म्हटलं नसतं.

11 जुलै 1763 रोजी यरीम ह्या डोंगरातल्या गावी हिवतापानं फोर्स्कोल गेला. वय 31. फॉन हाव्हेन मे महिन्यातच मोखा बंदरात गेला होता. उरलेले चौघे तापलेल्या अंगांनी मोखाला परतले आणि ऑगस्टमध्ये एका इंग्रजी जहाजावर चढले. जहाज कुठं चाललं होतं, तर मुंबईला.

हे वाचलं त्या शुक्रवारी मी ग्रंथालयातून बाहेर येऊन चहा प्यायलो आणि परत जाऊन तेच पान पुन्हा वाचलं. वाटेत समुद्रावरच चित्रकार आणि नोकर वारले. क्रामर मुंबईला पोचला आणि फेब्रुवारी 1764मध्ये मुंबईतच वारला. सहांपैकी एकटा कार्स्टेन नीबूर जगला. तो सप्टेंबर 1763पासून डिसेंबर 1764पर्यंत आपल्या ह्या किनाऱ्यावर होता. घारापुरीला जाऊन त्यानं लेण्यांची मोजमापं घेतली, चित्रं काढली. युरोपला त्या लेण्यांची नीट ओळख पटली ती बरीचशी ह्या चित्रांमुळे. घारापुरी तेव्हा मराठ्यांकडे होती. वसई 1739मध्येच चिमाजीअप्पांनी घेतलेली, साष्टी अजून इंग्रजांकडे जायची होती आणि कल्याण-भिवंडीवर पुण्याचा अंमल होता. पेशवे थोरले माधवराव. म्हणजे लठ्ठ कण्हेरीला जिवंत पाहिलेल्या मोहिमेतला शेवटचा माणूस सव्वा वर्ष आमच्या खाडीच्या पलीकडे बसून होता. हा नीबूर शेतकऱ्याच्या घरातला. आईबाप लहानपणीच गेलेले. विशी ओलांडल्यावर तो पुन्हा शिकायला बसला आणि गणित, मोजणी शिकला. त्याच्याबद्दल माझ्या मनात थोडा पक्षपात आहे, तो लपवत नाही.

मित्राची टिपणं नीबूरनं 1775 साली कोपनहेगनला छापून आणली. इजिप्त आणि अरबस्तानातल्या वनस्पतींचं ते पुस्तक लॅटिनमध्ये आहे. मी ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं, म्हणजे चाचपडलं. पुढं 1819मध्ये र्‍योमर आणि शुल्टेस ह्या दोघांनी ठरवलं की ही कण्हेर नव्हे, तिची जात वेगळी मांडायला हवी. तेव्हा नाव झालं 'अडेनियम ओबेसम'. अरबस्तानातल्या कुणा गुराख्यानं किंवा वाटाड्यानं उच्चारलेला शब्द लॅटिन प्रत्यय लावून कायम झाला. सांगणाऱ्याचं नाव कुठं नाही. शब्द मात्र टिकला.

आता पुढचा प्रश्न. हे झाड जर समोरच्या किनाऱ्यावरचं, तर ते आपल्याकडे थायलंडच्या नावानं का यावं?

अदन आणि कल्याण ही दोन्ही बंदरं इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या एकाच पुस्तकात आहेत. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' ह्या ग्रीक खलाशी-पोथीत अदनला 'युडायमन अरेबिया', म्हणजे सुखी अरबस्तान, म्हटलं आहे आणि कल्याणला 'कॅलिएना'. नैऋत्य मोसमी वाऱ्यावर अरबस्तानातून इकडे यायचं आणि हिवाळ्यात वारा फिरला की परत जायचं. ही ये-जा दोन हजार वर्षं तरी चालली. कल्याणच्या शेजारी खाडीकाठी भिवंडी वाढली. 1657च्या दिवाळीच्या सुमारास शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि ह्याच खाड्यांत स्वराज्याची पहिली जहाजं बांधायला घेतली, तेव्हा पोर्तुगीज धास्तावले ते उगाच नाही. भिवंडीची कोकणी मुसलमान घराणी व्यापार आणि समुद्र ह्यांत मुरलेली. इथून भात, सागवान, कापड जायचं. तिकडून घोडे, खजूर, ऊद, धूप यायचे.

झाडंही यायची. वसईच्या बाजूला आणि किनाऱ्यावर इतरत्रही गोरखचिंचेचे प्रचंड बुंधे उभे आहेत, ते आफ्रिकेतून समुद्रमार्गानं आलेले. कॉफीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. बाबा बुदान नावाच्या फकिरानं मोखाहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. ज्या येमेनी डोंगरांतून कॉफी आली, त्यांच्याच पायथ्यांशी लठ्ठ कण्हेर उभी होती. पण कॉफी पिता येते. गोरखचिंचेच्या फळातला आंबट गर खाता येतो, पाला भाजीला चालतो. लठ्ठ कण्हेर खाता येत नाही, जाळायला निरुपयोगी, गुरांना घातक. फुलांसाठीच बघायचं, तर कण्हेर आपल्या दारात होतीच. गलबताच्या पोटात मोजकी जागा असते आणि ती कशाला द्यायची हे नाखवा ठरवतो. त्यात अडेनियमची बी ताजी असतानाच नीट रुजते. उबेत, दमट हवेत तिची उगवण झपाट्यानं घटते. ओल्या गलबतातून आलेली मूठभर बी इथं पोचेपर्यंत फारशी उरली नसती. अंतर कमी असलं म्हणजे वस्तू आपोआप येते असं नाही. कुणाला तरी ती हवी असावी लागते.

ह्याचा याहून ठळक दाखला पुढच्या काळात आहे. 19 जानेवारी 1839 रोजी इंग्रजांनी अदन घेतलं आणि ते मुंबई इलाख्याला जोडलं. 1932पर्यंत अदनचा कारभार मुंबईहून चालला. तब्बल 93 वर्षं ठाणे जिल्ह्यातली भिवंडी आणि लठ्ठ कण्हेरीच्या टेकड्या एकाच इलाख्यात होत्या. मराठी माणसाला अदन आठवतं ते वासुदेव बळवंत फडक्यांमुळे. जन्मठेप भोगायला त्यांना तिथं पाठवलं. तुरुंगाचं दार बिजागऱ्यांतून उचकटून ते निसटले, पुन्हा पकडले गेले आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी तिथंच वारले. शाळेच्या पुस्तकात अदन म्हणजे काळा खडक आणि ऊन एवढंच आमच्या डोळ्यांपुढं उभं राहायचं. त्या खडकांच्या कपारीतून गुलाबी फुलं येतात, हे मला पन्नाशीच्या उंबऱ्यावर कळलं.

अदनच्या वनस्पतींवरचं मोठं काम झालं तेही मुंबईतच. सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर यांनी 1914 ते 1916 ह्या काळात 'फ्लोरा ऑफ अदन' छापलं आणि पुढं साऱ्या अरबस्तानाच्या वनस्पतींवर 'फ्लोरा अरेबिका' हाती घेतलं. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही त्या कॉलेजात आहे. वाळवलेल्या फांद्या कागदावर चिकटवून, नाव-गाव-तारीख लिहून कपाटात ठेवण्याची ती विद्या. ज्ञान मुंबईत आलं. झाड मात्र लोकांच्या अंगणात आलं नाही.

ते आलं पूर्वेकडून, वळसा घालून. जावा-सुमात्राकडे त्याला 'कंबोजा जपांग' म्हणजे 'जपानी चाफा' म्हणतात, जपानचा त्याच्याशी काही संबंध नसताना. थायलंडमध्ये ते 'चुआन चोम', म्हणजे 'पाहत राहावं असं'. चिनी भाषेत त्याचं नाव समृद्धीशी जोडलेलं, त्यामुळे दुकानात आणि नव्या वर्षाला ते शुभ. नाव शुभ असलं की बाजार उभा राहतो. थायलंडच्या बागाईतदारांनी अरबस्तानी जातीच्या रोपांतून जाड बुंध्याची, आखूड फांद्यांची रोपं निवडत निवडत पिढ्या तयार केल्या. अमेरिकेत ॲरिझोनाच्या टूसॉन भागात मार्क डिमिट यांनी वेगवेगळ्या जातींचे संकर केले. तैवानमध्ये दुहेरी, तिहेरी पाकळ्यांची फुलं काढली. मग ही कलमं आणि बिया भारतातल्या रोपवाटिकांत आल्या. आमच्या गच्चीवरचं झाड ज्या किनाऱ्यावरून निघालं, तो आमच्यापासून सरळ पश्चिमेला. आणि ते आलं पूर्वेकडून.

इथवर कागदाचा इतिहास. उरलेला मी हातानं शिकलो, म्हणजे झाडं मारून शिकलो.

पहिल्या वर्षी टपालानं बियांची पाकिटं मागवली. विक्रेत्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. 50 बियांत 6 उगवल्या. बी जुनी होती, एवढाच त्याचा अर्थ, पण मला वाटलं माझंच चुकलं. पुढच्या खेपेला ताजी बी मिळाली आणि चौथ्या दिवशी सगळा ट्रे हिरवा झाला. अडेनियमची रोपं उगवतात तीच गुबगुबीत. दोन दलांच्या खाली सुपारीएवढी मान. मी त्यांना गाळाच्या मातीत, शेणखत घालून, मिरचीच्या रोपांसारखं सकाळ-संध्याकाळ पाणी घालत वाढवलं. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि आठ दिवसांत रोपं एकेक करून मानेत मऊ पडून कोलमडली. बोटानं दाबलं की पाणी यायचं. जुलै संपेपर्यंत ट्रे रिकामा.

आकडे समोर ठेवले की कारण कळतं. अदनला वर्षभरात 50 मिलिमीटर पाऊससुद्धा पडत नाही. आमच्याकडे सुमारे अडीच हजार. तो लठ्ठ बुंधा म्हणजे दुष्काळासाठी भरून ठेवलेला हंडा. भरल्या हंड्यात आपण ओतत राहतो. उष्ण प्रदेशात हे झाड वाढवणं सोपं असं पुस्तकांत असतं आणि उष्णतेपुरतं ते खरंच आहे. थंड देशातल्या लोकांना दिवे आणि गरम गाद्या लावून जे ऊन बियांना द्यावं लागतं, ते भिवंडीच्या गच्चीवर फेब्रुवारीपासून फुकट आहे. आमची अडचण थंडीची नाही, ओलीची.

त्यावरचा उपाय मला कारखान्यात सापडला. सायझिंगमध्ये खळ दिलेलं सूत वाफेच्या गरम सिलिंडरांवर वाळवतात, त्यासाठी बॉयलर असतो. बॉयलरच्या भट्टीतून रोज जळक्या कोळशाचे सच्छिद्र, हलके खडे निघतात. आम्ही ते रस्त्याच्या खड्ड्यांत टाकायचो. मी ते घरी आणले, धुतले, दोन चाळण्यांतून काढले. तुरीच्या डाळीपेक्षा मोठे आणि हरभऱ्यापेक्षा लहान तेवढे ठेवले. त्यात भातगिरणीतला जळका तूस आणि थोडा नारळाचा भुसा. माती जवळजवळ नाही. पाणी घातलं की तळातून तत्काळ निघून जायला हवं. पुढं कळलं की कोलकात्याकडचे बागवान असे खडे फार पूर्वीपासून वापरतात. मला शोध लागल्याचा आनंद तेवढे महिने तरी मिळाला.

बी पेरायची ती आडवी ठेवून, वर नखभर थर. एप्रिलच्या आत पेरायची, म्हणजे पावसाळ्यापूर्वी रोपाला दोन-तीन महिने मिळतात. जूनपासून पारदर्शक पत्र्याखाली घ्यायची, वारा खेळता ठेवायचा आणि पाणी जवळजवळ विसरायचं. हा शेवटचा भाग सगळ्यांत अवघड. झाड मलूल दिसलं की हात तांब्याकडे जातोच. माझी बायको म्हणते, ह्या झाडाला माया कळत नाही.

मग स्वतःची बी धरावी असं डोक्यात आलं आणि तिथं मी दोन वर्षं अडलो. फुलं भरपूर, शेंग एकही नाही. अडेनियमच्या फुलात पाचही पुंकेसर एकमेकांना चिकटून त्यांचा शंकू झालेला असतो. पराग त्या शंकूच्या आत कोंडलेला आणि मध त्याच्याही खाली. त्याची कुलूपकिल्ली ज्या कीटकांकडे आहे, ते आमच्या गच्चीवर येत नाहीत. म्हणून ते काम माणसानं करायचं. सकाळी ताजं फूल घ्यायचं, पाकळ्यांची नळी उभी फाडायची, शंकूच्या फटीतून शून्य नंबरच्या ब्रशनं पिवळा पराग काढायचा आणि दुसऱ्या झाडावरच्या फुलाच्या फटीतून आत सरकवायचा. स्वतःचाच पराग झाड सहसा स्वीकारत नाही. वीस फुलांत एखादं धरतं. पण धरलं की देठातून दोन शेंगा बैलाच्या शिंगांसारख्या फाकून येतात आणि अडीच-तीन महिन्यांत पिकतात.

पहिली शेंग पिकली त्या दिवशी मी कामावर होतो. घरी आलो तर ती उकललेली आणि गच्चीभर पांढरी लव. रुईच्या बीला एका टोकाला कापूस असतो. अडेनियमच्या बीला दोन्ही टोकांना झुबके असतात, मधे विडीच्या तुकड्याएवढी बी. वारा आला की ती दोन चाकांच्या गाडीसारखी जमिनीवरून घरंगळत जाते. वाळवंटात तिला असंच जायचं असतं. खालच्या चाळीच्या पत्र्यांवर माझ्या तीन वर्षांची मेहनत पसरली होती. तेव्हापासून शेंग पिकायला लागली की मी तिला मागावरच्या वाया गेलेल्या सुतानं वेटोळे घालून बांधतो. भिवंडीत सुताला तोटा नाही. अलीकडे मागांना मात्र आहे. आमच्या गल्लीतले कितीतरी माग भंगारात गेले आणि आमचं सायझिंगही बंद पडलं. खड्यांची शेवटची चार पोती गच्चीवर अजून आहेत.

बियांचा एक स्वभाव रोपवाटिकेच्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापायला हवा. फांदी लावली तर झाड येतं, रंग तोच राहतो, पण तो भरदार बुंधा फारसा धरत नाही. बी लावली तर बुंधा येतो, रंगाची हमी नाही. म्हणून बाजारातली रंगीबेरंगी झाडं कलमाची असतात. खाली बियांपासूनचं रोप, वर नावाजलेल्या जातीचं डोकं. माझ्या पहिल्या कुंडीवर 'थाई' लिहिलेलं होतं ते वरच्या भागाबद्दल. खालचं कोण, हे कुणी लिहीत नाही. फुलल्यावर साध्या गुलाबी निघालेल्या रोपांना बाजारात भाव नसतो. त्यांची डोकी छाटून ती खुंट म्हणून वापरतात.

माझ्या लाल झाडांच्या बियांची रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात फुलली. सूत बांधून वाचवलेल्या शेंगांतली एकूण 31 रोपं होती. दोन-तीन लाल, काही फिकट, काही लालसर कडांची. अकरा मात्र साधी गुलाबी, गळ्यात पांढरी, पाच पाकळ्यांची. माझ्याकडून रोपं नेणाऱ्या एका बागवानानं त्या अकरांना हात लावून सांगितलं, ही खुंटाला द्या.

त्याच संध्याकाळी चाचा गच्चीवर आले होते. गुडघे धरून, थांबत थांबत. पत्र्याखालच्या रांगेतून ते सावकाश गेले. तैवानच्या तिहेरी पाकळ्यांच्या कलमापाशी, ज्यासाठी मी खरं म्हणजे त्यांना वर बोलावलं होतं, ते थांबलेही नाहीत. गुलाबी रोपांपाशी वाकले.

"हा," ते म्हणाले. "हा तिथला."

मी त्यांना एक कुंडी दिली. पैसे काढायला लागले, मी घेतले नाहीत. जिन्यावरून कुंडी मी नेतो म्हटलं, तेही त्यांना चालेना. जाता जाता मी बजावलं, चाचा, पावसाळ्यात गॅलरीत आत घ्या, भिजू देऊ नका.

"तिकडे पण खरीफ असतो," ते मागं न बघता म्हणाले. सलालाला जून ते सप्टेंबर मोसमी वाऱ्यानं डोंगर हिरवे होतात आणि त्या दिवसांना तिकडे खरीफ म्हणतात. आपला खरीप शब्द त्याच अरबी मुळाचा. पण ती धुक्याची भुरभुर आणि हा कामवारीला पूर आणणारा पाऊस, हे मी त्यांना सांगायला गेलो, तोवर ते एक मजला उतरले होते.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या गॅलरीकडे पाहिलं. कुंडी आत घेतलेली होती.